स्पोर्ट मॉडेलचे हरिकेन करताना काय बदलावे आणि काय तसेच ठेवावे

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा. आपल्याकडे ४० आकाराचे (म्हणजे ०.४० घन इंच इंजिनाच्या वर्गातले), खाली पंख असलेले, बाल्सा या हलक्या लाकडाचे, रेडिओने उडवायचे एक स्पोर्ट मॉडेल आहे. त्याचा पंखविस्तार १५०० मिलिमीटर, लांबी १२५० मिलिमीटर, पंखाची रुंदी मुळापासून टोकापर्यंत सारखीच २९० मिलिमीटर, उड्डाणाच्या तयारीतले वजन सुमारे २.६ किलो, नाकाखाली तिसरे चाक आणि इलेक्ट्रिक मोटर आहे. हे विमान आपल्या हातात पूर्ण बसलेले आहे आणि आता त्याला दुसऱ्या महायुद्धातील भारतीय हवाई दलाच्या स्पिटफायरचे रूप द्यावे, अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी कोणते बदल करावेत आणि ते केल्यावर विमान आजच्यासारखेच शहाण्यासारखे उडेल का, असे आपण विचारले आहे.

रूप निश्चित देता येईल. मात्र या मॉडेलवर स्पिटफायर करू नये, त्याच काळातले दुसरे ब्रिटिश लढाऊ विमान हरिकेन करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा रूपांतरात खऱ्या विमानाची निवड आपल्या आवडीने झाली, तर पुढचे सगळे काम मॉडेलशी झगडण्यात जाते; निवड मॉडेलच्या मूळ बांधणीकडे पाहून झाली, तर निम्मे काम आधीच झालेले असते. म्हणून ब्लेड हातात घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी आणि खऱ्या विमानाची लांबी भागिले पंखविस्तार हा आकडा काढावा. आपल्या मॉडेलचा आकडा ०.८३ आहे. हरिकेन दुसऱ्या मालिकेचा पंखविस्तार ४० फूट आणि लांबी ३२ फूट ३ इंच, म्हणजे ०.८१. स्पिटफायर पाचव्या मालिकेचा विस्तार ३६ फूट १० इंच आणि लांबी २९ फूट ११ इंच, म्हणजे तोही ०.८१. मस्टँगचा ०.८७ आणि जपानी झीरोचा सुमारे ०.७६. या एकाच कसोटीवर पाहिले, तर स्पिटफायर आणि हरिकेन दोन्ही चालतात. अडचण दुसऱ्या कसोटीवर येते, आणि ती म्हणजे वरून दिसणारा पंखाचा आकार.

स्पिटफायरची सगळी ओळख त्याच्या लंबवर्तुळाकार पंखात आहे. सारख्या रुंदीच्या पंखाची टोके कितीही गोल केली, तरी तो पंख लंबवर्तुळाकार दिसत नाही, आणि नवा पंख बांधायचाच असेल तर स्पोर्ट मॉडेलपासून सुरुवात करण्याला अर्थ उरत नाही. हरिकेनच्या पंखाचा मधला भाग मात्र सरळ आहे, बाहेरचे भाग दोन्ही कडांनी हळूहळू निमुळते होत जातात आणि टोके गोलसर आहेत. शिवाय हरिकेनचा पंख जाड आहे. मुळाशी त्याची जाडी रुंदीच्या १९ टक्के होती. स्पोर्ट मॉडेलचा पंख साधारण १५ टक्के जाड असतो, आणि हीच जाडी मस्टँगच्या रूपात डोळ्यांना खुपते, तर हरिकेनच्या रूपात शोभून दिसते. भारतीय हवाई दलाच्या इतिहासातही हरिकेनचे स्थान मोठे आहे. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील १ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने याच विमानांवर टेहळणीची कामगिरी बजावली. पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन ठेवलेले आहे. दिल्लीला जाणे झाले तर बाजूने, समोरून आणि शेपटीकडून त्याची छायाचित्रे अवश्य घ्यावीत, कारण उंच पाठ, मागे बसवलेली कॉकपिट आणि तिथून पुढे उतरत गेलेले नाक यांचे नाते छापील आराखड्यापेक्षा प्रत्यक्ष पाहिल्यावर अधिक लवकर लक्षात येते.

इथे आणखी एका विमानाचा उल्लेख करावासा वाटतो, कारण मराठी मॉडेलकारांनी ते फारसे हाताळलेले माझ्या पाहण्यात नाही. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये प्रथम उडाले आणि पुढे हवाई दलाच्या वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. स्थिर चाके, एकामागे एक दोन आसने, साधा निमुळता पंख आणि उलट्या सिलिंडरांच्या इंजिनामुळे आलेले अरुंद, खोल नाक, या सगळ्या गोष्टी स्पोर्ट मॉडेलला सोयीच्या आहेत. पण त्याचा विस्तार १०.७२ मीटर आणि लांबी ७.५३ मीटर, म्हणजे गुणोत्तर ०.७० आहे. आपल्या धडाच्या १२५० मिलिमीटर लांबीला ते जुळवायचे, तर पंख १७८० मिलिमीटरचा करावा लागेल, म्हणजे प्रत्येक बाजूला १४० मिलिमीटर वाढवावा लागेल. हे करता येते आणि उड्डाण त्याने सुधारतेही. मात्र पंख लांब झाला की मुळाशी येणारा वाकवणारा ताण बराच वाढतो, त्यामुळे मुख्य स्पार (पंखाचा लांबीभर जाणारा कणा) आणि मधला जोड दोन्ही नव्याने मजबूत करावे लागतात. पहिल्या रूपांतरासाठी मी हे सुचवणार नाही. दुसऱ्यासाठी आवर्जून सुचवीन. ज्यांच्याकडे वर पंख असलेले शिकाऊ मॉडेल आहे, त्यांनी लढाऊ विमानाचा विचार सोडून ऑस्टरसारख्या टेहळणी विमानाकडे वळावे. भारतीय तोफखान्याच्या निरीक्षण तुकड्यांनी ते वापरले होते आणि रूपांतराचे काम जवळजवळ रंगापुरतेच उरते.

आता हरिकेनचे गणित पाहू. १५०० मिलिमीटर पंखाला प्रमाण सुमारे १/८ पडते आणि त्या प्रमाणात धडाची लांबी १२१० मिलिमीटर येते. आपले धड चाळीस मिलिमीटरने लांब आहे. ते कापू नये. उडताना हा फरक कोणाच्याही लक्षात येत नाही. खऱ्या हरिकेनचे पंखाचे क्षेत्रफळ २५७.५ चौरस फूट होते, ते या प्रमाणात सुमारे ३६ चौरस डेसिमीटर होते. आपल्या मॉडेलचे क्षेत्रफळ ४३.५ आहे. हे जास्तीचे क्षेत्रफळ हीच आपली खरी ठेव आहे. रूपांतरानंतर वजन २.९ किलोच्या आसपास जाईल असे धरले, तर तंतोतंत प्रमाणातल्या पंखावर प्रत्येक चौरस डेसिमीटरला ८० ग्रॅम भार पडला असता, तर आपल्या पंखावर, टोके छाटल्यानंतरही, तो ६९-७० ग्रॅमच राहतो. पहिला आकडा अनुभवी हातासाठी आहे आणि दुसऱ्या आकड्याचे विमान लहान मैदानावरही सहज उतरते. म्हणून पंखाची रुंदी प्रमाणात आणण्याचा मोह होऊ देऊ नये. बाहेरच्या अर्ध्या पंखाच्या पुढच्या कडेतून पाचर कापून निमुळतेपणा आणण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्याने पंखाच्या छेदाचा पुढचा आकार बिघडतो, नेमका तोही टोकाकडे, आणि वेग कमी होताच विमान एका पंखावर कोसळते. तो सल्ला मानू नये.

पंखात करायचा बदल एवढाच: शेवटच्या १८० मिलिमीटरमध्ये पुढची कड मागे आणि मागची कड पुढे अशी सलग वळवावी, त्यात मागच्या कडेचे वळण थोडे मोठे ठेवावे आणि टोकासाठी हलक्या बाल्साचा ठोकळा पोकळ करून बसवावा. स्पार टोकापर्यंत पोहोचला पाहिजे. आपल्या मॉडेलचे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) पंखाच्या जवळजवळ पूर्ण लांबीचे असतील. ते वळण जिथे सुरू होते तिथे संपवावेत. स्पोर्ट मॉडेलचे एलेरॉन गरजेपेक्षा मोठेच असतात, त्यामुळे नियंत्रण कमी पडत नाही. टोकाचा ठोकळा बसवताना त्याची मागची कड दोन-तीन मिलिमीटर उचललेली राहील असे पाहावे. ही छोटी पीळ टोकाला उशिरा स्टॉल होऊ देते, म्हणजे वेग कमी पडला तरी टोकाची उचल उशिरा सुटते. पंखाचा छेद, बसण्याचा कोन आणि डायहेड्रल (टोकांकडे पंख वर उचललेला असण्याचा कोन) यांना अजिबात हात लावू नये.

शेपटीच्या बाबतीत माझा आग्रह याहून कडक आहे. खऱ्या लढाऊ विमानांची आडवी शेपटी प्रमाणात लहान केली, तर मॉडेलला ती पुरत नाही, आणि स्पोर्ट मॉडेलच्या आरेखकाने ती मोठी ठेवलेली असते ती जाणूनबुजून. टोके गोल करा, क्षेत्रफळ तेवढेच राखा. उभ्या शेपटीचे तर क्षेत्रफळ थोडे वाढवावे, कारण नाकाभोवतीचे आवरण म्हणजे काउल, उंच कॅनपी (कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण) आणि पोटाखालचा रेडिएटर यांमुळे गुरुत्वमध्याच्या पुढे बाजूने दिसणारा पृष्ठभाग वाढतो आणि विमान वळणात शेपटी हलवू लागते. हरिकेनचा रडर (उभ्या शेपटीचा हलणारा भाग) उंच आणि गोल माथ्याचा असल्याने ही वाढ रूपाला पोषकच ठरते. तीन मिलिमीटर बाल्साच्या पट्ट्या ओल्या करून पुठ्ठ्याच्या साच्याभोवती वाकवाव्यात आणि पांढऱ्या सरसाने एकमेकींवर चिकटवाव्यात. अशी कड भरीव बाल्सापेक्षा हलकी आणि टणक होते.

वजनाचा हिशेब शेपटीपासूनच सुरू करावा. आपल्या मॉडेलमध्ये शेपटी गुरुत्वमध्यापासून सुमारे ७५० मिलिमीटरवर आणि बॅटरीच्या पुढची जागा सुमारे ३०० मिलिमीटरवर असेल. म्हणजे शेपटीत वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात अडीच ग्रॅम लागतात. मागे २० ग्रॅम वाढले की पुढे ५० वाढले. सगळ्या बदलांसाठी मी ३०० ग्रॅमची मर्यादा घालतो आणि प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो. साधारण वाटणी अशी बसते: काउल ६० ग्रॅम, पाठीचा उंचवटा ५०, कॅनपी आणि वैमानिकाचा अर्धपुतळा ५०, शेपटी २०, रेडिएटर आणि फिल्टर मिळून २५, आणि उरलेले रंगाला. वजन ११ टक्के वाढले की स्टॉलचा वेग सुमारे ५ टक्के वाढतो, हे गणित सुसह्य आहे. त्यापलीकडे मात्र जाऊ नये.

रूपाचा खरा कायापालट धडाच्या बाजूच्या रेषेत होतो, आणि सर्वाधिक वेळ इथे द्यावा. हरिकेन दुरून ओळखू येते ते त्याच्या पाठीमुळे. कॅनपीच्या मागून शेपटीपर्यंत एकच सलग, फुगीर उतार आहे. सध्याच्या धडाचे वरचे आवरण तसेच ठेवून त्यावर सहा मिलिमीटर डेप्रॉनचे (हलक्या फोमचे) अर्धवर्तुळाकार फॉर्मर, म्हणजे आकार देणारे आडवे तुकडे, ८० ते १०० मिलिमीटर अंतरावर उभे करावेत. पहिला फॉर्मर मूळ धडाच्या वर ४० मिलिमीटरच्या आसपास ठेवून पुढचे क्रमाने उतरते करावेत. त्यांवर तीन मिलिमीटर बाल्साच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने लावून वरून फिल्म (इस्त्रीने चिकटवायचे पातळ प्लास्टिकचे आवरण) ताणावी. खऱ्या हरिकेनच्या मागच्या धडावर लाकडी पट्ट्यांवर ताणलेले कापड होते आणि त्या पट्ट्यांच्या रेषा बाहेरून स्पष्ट दिसत. आपली पद्धत खऱ्या विमानाच्या बांधणीच्या इतकी जवळची आहे, की वेगळे काही न करता त्या रेषा आपोआप उमटतात. त्यासाठी पट्ट्या फॉर्मरच्या कडेपेक्षा मिलिमीटरभर वर राहिल्या पाहिजेत, म्हणजे फिल्म फॉर्मरवर टेकत नाही आणि आडवी रेषा दिसत नाही. डेप्रॉनजवळ इस्त्री कमी तापमानावर ठेवावी.

कॅनपीसाठी दोन लिटरची पेट बाटली पुरते. या प्रमाणातली कॅनपी बाटलीच्या व्यासात सहज मावते. लाकडी साचा गुळगुळीत घासून बाटलीत सरकवावा आणि हीट गनने सगळीकडून सावकाश आकसून घ्यावे. हरिकेनच्या सरकत्या कॅनपीला बऱ्याच चौकटी होत्या आणि त्या रंगवलेल्या चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्यांनी दाखवता येतात. चौकटींचे अंतर मात्र छायाचित्रावरून मोजूनच घ्यावे. त्यात चूक झाली तर सगळे विमान परके दिसते. आत वैमानिक हवाच. रिकामी कॅनपी उडताना लगेच जाणवते.

नाकाखाली उष्ण प्रदेशातल्या हरिकेनना धुळीसाठी मोठा व्होक्स फिल्टर बसवलेला असे. तो फुगवटा आपल्याला दुहेरी उपयोगाचा आहे, कारण त्याच्या तोंडातून आत घेतलेली हवा थेट स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण) आणि बॅटरीवर सोडता येते, आणि ती बाहेर पडण्यासाठी पोटाखालच्या रेडिएटरची मागची बाजू उघडी ठेवता येते. बाहेर पडण्याची जागा आत येण्याच्या जागेच्या दीडपट ते दुप्पट असावी, नाहीतर हवा आत तुंबते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत या तपशिलावर बॅटरीचे आयुष्य अवलंबून असते. उडण्यासाठी दोन पात्यांचा प्रोपेलर कायम ठेवून मैदानावर मांडताना तीन पात्यांचा लावावा. तीन पात्यांवरच उडायचे असेल, तर व्यास एक इंचाने कमी करून वॉटमीटरवर प्रवाह मोजल्याशिवाय उडवू नये.

तिसरे चाक काढून शेपटीखाली चाक लावणे हा एकच बदल असा आहे, ज्याने विमानाचे जमिनीवरचे वागणे बदलते, म्हणून तो मोजूनच करावा. विमान उड्डाणाच्या पातळीत आडवे धरले असता गुरुत्वमध्यापासून चाकांच्या आसापर्यंतची रेषा उभ्या रेषेपासून १५ ते २० अंश पुढे झुकलेली असावी. आपला गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ८१ मिलिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या २८ टक्क्यांवर, आणि आसापासून १८० मिलिमीटर उंच असेल, तर आस पुढच्या कडेच्या १६ ते ३३ मिलिमीटर मागे येतो. यापेक्षा मागे गेला तर विमान नाकावर पडते, फार पुढे गेला तर उतरताना उसळते. पंखात सागवानी किंवा प्लायचे नवे ठोकळे दोन रिबांना (पंखाला छेदाचा आकार देणाऱ्या फळ्यांना) आणि स्पारला एकत्र बांधून बसवावेत. हरिकेनची चाके दूर-दूर होती, हा स्पिटफायरवरचा आणखी एक मोठा फायदा आहे; दूरची चाके गवताळ, खडबडीत मैदानावर मॉडेल उलटू देत नाहीत. पाय आत घेणारी यंत्रणा पहिल्या वर्षी लावू नये. स्थिर पायांना पातळ प्लायची झाकणे चिकटवली की विमान उतरण्याच्या तयारीत असल्यासारखे दिसते, आणि तेही खरेच दृश्य आहे. लक्षात असू द्यावे, की पुढचे चाक गेल्याने नाकातले वजन कमी झाले आणि मागे नवे चाक आल्याने शेपटीत वाढले, दोन्ही परिणाम एकाच दिशेचे. शिसे घालण्याआधी बॅटरी पुढे सरकवण्याची जागा करावी.

रंगाबाबत पहिली गोष्ट म्हणजे चमक नको. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून फिका राखाडी अशी योजना असावी, पण रंग डब्यातला जसाच्या तसा लावू नये. मोठ्या विमानावरचा रंग अंतरावरून फिका दिसतो, म्हणून १/८ आकारासाठी प्रत्येक रंगात थोडा पांढरा किंवा फिका राखाडी मिसळावा. फिल्म बारीक पॉलिश पेपरने मंद करून त्यावर ॲक्रिलिक रंगाचे पातळ फवारे द्यावेत. पूर्वेकडच्या आघाडीवरील विमानांच्या गोल चिन्हातला लाल ठिपका काढून टाकलेला होता, कारण जपानी विमानांच्या लाल सूर्यचिन्हाशी गफलत होऊन आपल्याच विमानांवर गोळीबार होण्याचा धोका होता. उरले ते गडद निळे वर्तुळ आणि त्याच्या आत फिका निळा ठिपका. भारतीय हरिकेनवर युरोपातील लाल-पांढरे-निळे चिन्ह लावलेले पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या एका ठिपक्यात त्या आघाडीची सगळी परिस्थिती सांगितलेली आहे. केशरी-पांढरे-हिरवे चिन्ह स्वातंत्र्यानंतरचे, ते एचटी-२ साठी राखून ठेवावे.

ही रंगसंगती उडवणाऱ्यालाही फसवते, हे आधीच ध्यानात घ्यावे. धुरकट आकाशात संध्याकाळी हिरवे-तपकिरी विमान दूर गेले की ते येते आहे की जाते आहे, हे कळत नाही. आपल्या आधीच्या मॉडेलवरचे भडक पट्टे हेच काम करीत होते. म्हणून खालचा राखाडी रंग खऱ्यापेक्षा एक छटा अधिक फिका घ्यावा, स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी) फिका ठेवावा आणि उड्डाणाची कक्षा नेहमीपेक्षा जवळ ठेवावी.

पहिल्या उड्डाणासाठी गुरुत्वमध्य ठरलेल्या जागेपेक्षा पाच मिलिमीटर पुढे ठेवावा. त्याआधी नवे विमान जमिनीवर भरपूर पळवावे, कारण शेपटीच्या चाकाचे विमान वेग घेताना डावीकडे ओढते आणि ते रडरने धरण्याची सवय बोटांना लागावी लागते. थ्रॉटल तीन-चार सेकंदांत सावकाश वाढवावे आणि शेपटी उचलली जाईपर्यंत एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा हलणारा भाग) किंचित ओढून धरावा. हवेत पुरेशी उंची घेऊन वेग कमी करीत स्टॉल कुठे आणि कसा येतो ते पाहावे. विमान सरळ नाक खाली टाकत असेल तर पंखाचे काम नीट झाले आहे, एका बाजूला पडत असेल तर दोन टोकांची पीळ सारखी नाही. उतरताना जुन्या मॉडेलपेक्षा थोडे थ्रॉटल ठेवून यावे. पंखातल्या चार तोफांच्या नळ्या, एक्झॉस्टचे नळकांडे आणि पृष्ठभागावरच्या रेषा यांचे काम या उड्डाणांत विमान समाधानकारक ठरल्यानंतरच हाती घ्यावे, आणि नळ्या गुंडाळलेल्या कागदाच्या करून ओढताच निघतील अशा बसवाव्यात, म्हणजे गवतात उतरताना त्या तुटल्या तरी पंखाचे आवरण फाटणार नाही.